क्लोतारियोनं गुआंतो पेरला

आमच्या डोंगरातल्या सान हासिंतो गावात गुआंतो कुणी पेरत नाही, खोचतो. कुंपणात खोचतो, फाटकाशी खोचतो, ज्या भिंतीला पडायची घाई झाली आहे तिच्या कडेला खोचतो. मनगटाएवढी जाड फांदी तोडायची, जमिनीत रोवायची आणि पाठ फिरवायची. पुढचं काम तिचं ती करते. वर्ष सरतं न सरतं तोच हा धोतऱ्याचा थोरला भाऊ मान खाली घालून फुलायला लागतो. वीतवीतभर लांब पांढरे कर्णे फाटकावर लोंबतात आणि दिवेलागणीला असा वास सोडतात, की खाली बसलेल्या माणसाला आपल्या मेलेल्या आत्याशी गप्पा माराव्याशा वाटतात. म्हणून त्याच्याखाली कुणी बसत नाही. चोरही बसत नाही. शहरातले लोक दाराला कुलूप लावतात, आम्ही गुआंतो लावतो. कुलपाला फुलं येत नाहीत, एवढाच काय तो फरक.

पण ही फांदी आपण आपली आणून लावायची नाही. नव्या घरावर कौलं चढतात त्या दिवशी शेजाऱ्यानं ती आणायची. पहिली फांदी सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याची, मग बाकीच्यांच्या. मागून घेतलेली फांदी चालत नाही, चोरलेली तर मुळीच नाही. चोरलेला गुआंतो राखण करतो खरा, पण घरमालकालाच चोर समजून करतो, असं आमच्याकडे पक्कं मानतात. आणि पहिल्या शेजाऱ्यानं फांदी आणली नाही, तर बाकीचे आपापल्या फांद्या पाठीमागे लपवून, मका-डुकराचं जेवण जेवून, तशाच घरी घेऊन जातात. जेवण मात्र सोडत नाहीत. तेवढी माणुसकी आमच्या आळीत आहे.

क्लोतारियो तेनेसाकाच्या घराला फांदी आली नाही. त्याची ही गोष्ट.

क्लोतारियो हॅटवाला. आळीतल्या बायका गवताच्या हॅटा विणतात, त्या धुऊन, गंधकाची धुरी देऊन पांढऱ्याशुभ्र करायच्या आणि लाकडी ठोकळ्यावर चढवून गरम इस्त्रीनं आकाराला आणायच्या, हे त्याचं काम. हात सोन्याचा. माझ्या डोक्यावरची हॅट त्याच्याच हातची आहे आणि तिच्याखालचं डोकं केव्हाच कामातून गेलं तरी ती अजून शाबूत आहे. पण त्याच्या हाताबद्दल जितकं चांगलं बोलावं तितकंच त्याच्या मुठीबद्दल बोलणं टाळावं. क्लोतारियोची मूठ एकदा मिटली की मिटली. आणि जीभ? ती एका बाबतीत कायमची अडकलेली. ‘चुकलो’ हा शब्द तिच्यावरून कधी घरंगळला नाही. लहानपणी शाळेच्या फळ्यावर त्यानं बेरीज चुकवली तेव्हा गुरुजींना म्हणाला होता, की फळा तिरका लावलाय. शेवटी गुरुजींनी फळा सरळ केला.

आता शेजारीण. दोन्या, म्हणजे बाईसाहेब, फिलोमेना गुआमान. दोघांच्या परसांत एकच मातीची भिंत. गावातला सगळ्यात जुना गुआंतो तिच्या अंगणात आहे आणि गावातला प्रत्येक गुआंतो त्याच झाडाच्या फांदीतून, किंवा त्या फांदीच्या फांदीतून आलेला आहे. त्यामुळे आपण साऱ्या गावाची आजी आहोत अशा थाटात ती चालते. बाईचं मन मोठं आहे, आवाज त्याहून मोठा.

फिलोमेनाचं नवं घर बांधून झालं तेव्हा छपरावरच्या क्रुसासाठी तिनं क्लोतारियोला बोलावलं. छपराच्या आढ्यावर जो क्रूस बसवतो तो घराचा धर्मपिता होतो, आणि घरमालकीण त्याची कोमाद्रे, म्हणजे सख्ख्या बहिणीहून जवळची, आणि तो तिचा कोंपाद्रे. मान मोठा. चांगल्या घरचे लोक कुएन्का शहरातल्या लोहाराकडून नक्षीचा लोखंडी क्रूस करून आणतात. वर कोंबडा, खाली वेली. क्लोतारियोनंही क्रूस आणला. पत्र्याचा. चंदेरी रंग दिलेला, उन्हात असा चमकत होता की पाद्रीबाबांनी डोळे मिटूनच आशीर्वाद दिला.

मग पाऊस आला. चंदेरी रंग ओघळून कौलांवर गेला आणि क्रुसाच्या बरोबर मध्यभागी एक डुक्कर प्रकट झालं. गुलाबी, गुबगुबीत, गळ्यात रुमाल बांधलेलं आणि तोंड भरून हसणारं. क्लोतारियोनं क्रूस चरबीच्या डब्याच्या पत्र्यातून कापला होता.

फिलोमेनानं एकदाच विचारलं. सगळी आळी ऐकत होती. मीही होतो, माझा बाक समोरच आहे.

“कोंपाद्रे, माझ्या घरावर डुक्कर का हसतंय?”

कुणाही शहाण्या माणसानं इथं कान पकडले असते. क्लोतारियोनं मान वर करून डुकराकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “कोमाद्रे, तेही देवाचंच लेकरू आहे.”

त्यानंतर फिलोमेना त्याच्याशी बोलली नाही. क्रूस उतरवायलाही तिला येईना, कारण धर्मपित्यानं बसवलेला क्रूस त्याच्याच हातानं उतरायला हवा. दुसऱ्या कुणी हात लावला तर घर बिनबापाचं होतं. डुक्कर वर्षानुवर्षं हसत राहिलं. परगावचे लोक रस्ता विचारायचे, तर आम्ही सांगायचो, “डुकराच्या घरापाशी डावीकडे वळा.” फिलोमेना खिडकीतून ऐकायची.

तेव्हा क्लोतारियो सासरवाडीच्या घरात राहत होता. मग त्यानं फिलोमेनाच्या शेजारचीच जागा घेतली. आळीत दुसरी जागा नव्हती आणि त्याची बायको एदेल्मीरा आळी सोडायला तयार नव्हती. घर झालं. कौलं चढवायच्या दिवशी डुक्कर कापलं (हे बिचारं हसत नव्हतं), मके उकडले, उसाची दारू फिरली, त्याच्या आढ्यावर त्याच्या मेहुण्यानं खरा लोखंडी क्रूस बसवला. सगळे फाटकाकडे बघत होते. फिलोमेना आली. डोक्यावर क्लोतारियोच्याच हातची हॅट, हात रिकामे. ताट भरून जेवली, बोटं चाटली, आणि फाटकातून बाहेर पडताना मोकळ्या जमिनीकडे बघून म्हणाली, “अगबाई, जागा किती छान मोकळी आहे!”

बाकीच्यांनी आपापल्या फांद्या पाठीमागे धरून तिच्या मागोमाग रांग लावली.

एदेल्मीरा अंगणात उभी होती. ठेंगणी, गोल, कमरेवर हात. हिला मी लहानपणापासून ओळखतो. ही ओरडते तेव्हा घाबरायचं कारण नसतं, हळू बोलते तेव्हा असतं.

ती हळू बोलली. “क्लोतारियो, ज्या घराच्या फाटकावर गुआंतोला कळी नाही त्या घरात मी झोपायची नाही.”

“अगं, एक झाड ते काय...”

“झाडाचं नाही. साऱ्या आळीनं तोंड फिरवलंय, ते फाटकावर लिहून ठेवल्यासारखं दिसतंय. त्या पाटीखालून मी ये-जा करू? तिच्यासमोर जा, चुकलो म्हण, फांदी आपोआप येईल.”

“मी डुक्कर काढलं होतं का? रंगवाल्यानं रंग पातळ दिला होता.”

एदेल्मीरानं आपली गादी गुंडाळली, खुराड्यातले कुय टोपलीत भरले (आमच्याकडे स्वयंपाकघरात हे लठ्ठ उंदरांसारखे प्राणी नसतील तर त्याला घर म्हणत नाहीत) आणि गल्लीच्या टोकाला बहिणीकडे राहायला गेली. क्लोतारियो नव्या घरात एकटा. चार खोल्या, एक इस्त्री, आणि अभिमान. अभिमानाला जागा पुरेशी होती.

एका शब्दाचं काम होतं. पण एक शब्द बोलण्यापेक्षा दुसरं काहीही करायची त्याची तयारी होती. आणि त्या ‘काहीही’चा शोध त्याला स्मशानात लागला.

हॅटा विकायला तो दक्षिणेकडच्या खोऱ्यात बाजाराला जायचा. तिथल्या स्मशानाच्या भिंतीशी दोन गुआंतो शेजारी-शेजारी उभे आहेत. एक आपल्यासारखा पांढरा आणि एक पिवळाधम्मक. पांढऱ्याच्या फांदीला, फूल गळून गेलं होतं तिथं, बोटाएवढ्या लांब हिरव्या शेंगा लटकत होत्या. क्लोतारियोला वाटलं झाडाला रोग लागलाय.

“रोग कसला? बी आहे ते,” स्मशानाची राखण करणारी म्हातारी म्हणाली.

“गुआंतोला बी?”

“का नाही? त्याला दुसऱ्या रंगाचा सोबती मिळाला की धरतं. तुमच्याकडे नाही धरत?”

आमच्याकडे धरणार कसं? साऱ्या गावात एकच झाड, फांद्या-फांद्यांनी पसरलेलं. स्वतःशीच लग्न लावून बसलेलं. गुआंतोला बी असतं असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला डोंगराला पिल्लू झाल्याची बातमीही विचारली असती.

क्लोतारियो दोन वाळलेल्या शेंगा रुमालात बांधून घेऊन आला आणि आळीत उभा राहून म्हणाला, “मला कुणाच्या फांदीची गरज नाही. मी झाड मुळापासून करणार.”

“फार वेळ लागेल,” मी म्हटलं.

“वेळ माझा आहे.”

“आणि बायको?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही फळा मीच तिरका लावला होता.

पेरणी सुरू झाली. चरबीचे रिकामे डबे त्याच्याकडे होतेच. ते आडवे कापले, बुडाला भोकं पाडली, माती भरली. बी म्हणजे बुचाच्या तुकड्यांसारखं, तपकिरी, वेडंवाकडं. त्यानं ते पेरलं आणि डबे इस्त्रीच्या शेगडीशेजारी ठेवले, कारण आमच्या उंचीवर ऊब म्हणजे चैन आहे आणि त्याच्या घरात ती तेवढ्याच कोपऱ्यात मिळत होती. बरेच दिवस काही झालं नाही. मग एके सकाळी एका डब्यात हिरवा आकडा वर आला. मग दुसऱ्यात. क्लोतारियोनं आनंदानं हॅटांची एक मोठी खेप हाती घेतली, धुरीच्या पेटीत गंधक पेटवलं आणि तिचं झाकण, नेहमीसारखं, थोडं फटीनं उघडं ठेवलं, म्हणजे धूर बाहेर जाईल. धूर गेला. थेट शेजारच्या डब्यांवर. संध्याकाळपर्यंत हॅटा पांढऱ्या झाल्या आणि रोपंही.

एदेल्मीरा रोज एकदा फाटकापर्यंत यायची. आत पाऊल टाकायची नाही. बाहेरून मान लांब करून विचारायची.

“काय म्हणतंय शेत?”

“थंडी बाधली.”

“थंडी बाधली की गंधक बाधलं? रस्त्यापर्यंत वास येतोय. मुलं झाली नाहीत ते बरंच झालं, तू त्यांनाही धुरी दिली असतीस.”

“तुझ्या बहिणीच्या घरी बरंय ना?”

“फारच. ती चूक झाली की चुकले म्हणते. ऐकायला इतकं गोड वाटतं!”

दुसरी शेंग उरली होती. या वेळी त्यानं नीट विचार केला, म्हणजे बाजारात स्मशानातल्या म्हातारीला जाऊन विचारलं आणि परत येऊन आम्हाला स्वतःची अक्कल म्हणून सांगितलं. बी कोमट पाण्यात भिजत घातलं. वरचं बुचासारखं साल मऊ पडलं तसं नखानं अलगद सोललं. आत छोटासा पांढरा दाणा. ते दाणे ओल्या शेवाळात गुंडाळले, शेवाळ फडक्यात. आता ऊब हवी, पण शेगडीची नको. कुय असते तर चुलीजवळ त्यांच्या खुराड्याशेजारी ठेवता आलं असतं; कुय बायकोबरोबर गेलेले. घरात दुसरी ऊबदार वस्तू कोणती?

तो स्वतः.

त्यानं ते ओलं फडकं पोटावर ठेवलं, वरून लोकरीचा पट्टा आवळला आणि त्यावर घोंगडीसारखा पोंचो घातला. झोपताना तेच, इस्त्री करताना तेच, रविवारी चर्चमध्ये तेच. दिवसेंदिवस. पोंचोच्या पुढं छान गोल फुगवटा. तो चालायचाही जरा मागं रेलून, एक हात खाली धरून, कारण फडकं घसरायचं.

आता आमच्या आळीला गप्प बसायला सांगणं म्हणजे पाण्याला वर चढायला सांगणं.

“क्लोतारियो, कितवा?” बेकरीवाली विचारायची.

“आंबट खावंसं वाटतंय का?” मी.

“जड उचलू नकोस रे, ठोकळे मी उचलतो,” मेहुणा.

फिलोमेना त्याच्याशी बोलत नव्हती, पण बोलण्यावाचून तिचं अडत नव्हतं. भिंतीपलीकडून आपल्या कोंबड्यांना सांगायची, “बायांनो, शेजारी अवघडलेत. आरडाओरडा करू नका.”

क्लोतारियो गंभीर चेहऱ्यानं सगळं ऐकून घ्यायचा. एके दिवशी मी दाढी करत असताना तो दारात येऊन उभा राहिला, पोंचो वर केला, पट्टा सोडला आणि फडकं उलगडलं. शेवाळातून पांढरी शेपटासारखी मुळं बाहेर आली होती. त्याच्या पोटावर त्या फडक्याचा लाल चट्टा. आणि चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, असा प्रकाश, जसा बाळंतिणीच्या.

“आले,” तो म्हणाला.

मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. असं माझ्याकडून फार वेळा होत नाही.

त्यानं सगळे दाणे डब्यांत लावले. शेगडीपासून लांब, खिडकीत, काचेच्या बरण्या उलट्या घालून. पानं आली, आणखी पानं आली, बरण्या निघाल्या. गोगलगायींसाठी तो संध्याकाळी विडीच्या तंबाखूचं पाणी शिंपायचा. बोकडाचं लेंडीखत, राख, हॅटा धुतलेलं पाणी. हे झाड खादाड असतं, जितकं द्याल तितकं मागतं. आणि जी रोपं किरटी निघाली, वाकडी, पिवळट, त्यांना त्यानं दयामाया दाखवली नाही. डब्यातून उपटली आणि भिंतीवरून पलीकडे फिलोमेनाच्या उकिरड्यावर फेकली. एक तर कचरा गेला, दुसरं म्हणजे शेजारणीच्या अंगणात गेला. एका हातात दोन सुखं.

सगळ्यात दणकट रोप त्यानं फाटकाशी लावलं. ते वाढलं. काय वाढलं! गुडघ्याएवढं, कमरेएवढं, पहिला पावसाळा संपला तेव्हा क्लोतारियोच्या हॅटच्या वर. सरळ, एका काठीसारखं, शेंड्याला पानांची छत्री. फूल नाही. फांदी नाही. कळीचं नाव नाही.

“वांझ आहे,” बेकरीवाली म्हणाली.

“बापावर गेलंय,” एदेल्मीरा फाटकातून म्हणाली. “ताठ उभं आहे, वाकायचं नाव नाही.”

इथं क्लोतारियोनं जे केलं ते आमच्या गावचाच माणूस करू शकतो. जन्मभर आम्ही गुआंतो पाहिला तो फांदीतून आलेला. फांदी लावायची, फूल यायचं. त्यावरून त्याच्या डोक्यात उजेड पडला: झाड आहे, पण त्याची फांदी लावली नाही, म्हणून फूल नाही! त्यानं करवत आणली, ते हॅटएवढं उंच, दोन वेळा मेहनत घेतलेलं झाड आडवं कापलं, त्याच्या तीन छान लांब फांद्या केल्या आणि फाटकाशी रांगेत खोचल्या. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे म्हणालो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आज आळीतला प्रत्येक जण सांगतो की त्याला तेव्हाच माहीत होतं.

काय माहीत होतं? तर हे, की बियाण्याचा गुआंतो आधी ताठ वाढतो, मग त्याला शेंड्याशी दुबेळकं फुटतं, गलोलीसारखं, आणि त्या दुबेळक्याच्या वरच फूल येतं. आधी नाही. दुबेळक्याच्या वरून तोडलेली फांदी वयात आलेली असते, लावली की फुलते. खालून तोडलेली फांदी म्हणजे पोरसवदा. तिला पुन्हा पहिल्यापासून वाढावं लागतं. आमच्या गावातल्या साऱ्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या वयात आलेल्या म्हाताऱ्या झाडाच्या. त्यामुळे गुआंतोला बालपण असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

तीन फांद्या जगल्या. तीन ताठ काठ्या पुन्हा तोच सरळसोट प्रवास करायला लागल्या. दुसरा पावसाळा आला.

आणि मग एके सकाळी फिलोमेनाची किंकाळी.

मी पायात एकच चप्पल घालून धावलो. उशिरा पोहोचलो तर काय सुटेल कोण जाणे. आळी आधीच जमली होती. फिलोमेनाच्या परसात, उकिरड्यावर, कोंबड्यांची विष्ठा आणि मक्याची सालं खाऊन माजलेलं एक झाड उभं होतं. खालून ताठ, वर सुंदर गलोलीसारखं दुबेळकं, आणि दुबेळक्यावरून लोंबणारे कर्णे. पांढरे नाहीत. पिवळे! पिकलेल्या मक्यासारखे, कडेला जरा लालसर. असं फूल आमच्या गावात कुणी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

“मी एवढे दिवस समजत होते वांगं आहे,” फिलोमेना म्हणाली. आता ती खरं सांगत होती की नाही हे देवाला आणि तिच्या कोंबड्यांना ठाऊक. तिनं त्या वांग्याला आधाराची काठी लावली होती, हे मी पाहिलं.

भिंतीवरून एक हॅट वर आली. हॅटखाली क्लोतारियो. तो बघत राहिला. फेकलेलं, किरटं, वाकडं रोप. त्याच्या पोटावर रुजलेलं.

“ते माझं आहे,” तो म्हणाला.

फिलोमेनानं कोंबड्यांकडे तोंड केलं. “ऐकलंत का? माझ्या उकिरड्यावरचं त्यांचं आहे. मग माझ्या छपरावरचं डुक्करही त्यांचंच, ते नाही नेत कधी!”

आळी अशी हसली की भिंतीची माती पडली.

संध्याकाळी एदेल्मीरा फाटकाशी आली. मी बाकावर होतो. कान माझे आहेत, ते उघडेच असतात. ती त्या तीन ताठ काठ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. आज टोमणा नव्हता. तिचा आवाज हळू होता.

“माझी बहीण मागची खोली पाडून मोठी करतेय. विचारत होती, माझ्यासाठी वेगळी चूल घालू का.”

“मग?”

“मग काय? चूल मातीची असते, क्लोतारियो. एकदा घातली की मी काही ती उचलून इकडे आणणार नाही. उद्या गवंडी येतोय. त्याला काय सांगू?”

“या काठ्यांना पुढच्या वर्षी...”

“गवंडी उद्या येतोय.”

ती गेली. क्लोतारियो फाटकाला धरून उभा राहिला. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण चेहऱ्याचा आकार असा उतरलेला त्याच दिवशी पाहिला. पावसात विसरलेल्या हॅटसारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या छपरावर खडखडाट झाला. बघतो तर पठ्ठ्या स्वतःच्या आढ्यावर चढून मेहुण्यानं बसवलेला लोखंडी क्रूस उपटतोय! कोंबडा, वेली, सगळं. मेहुणा खालून ओरडतोय, “अरे मेल्या, मी दिलेला आहे तो! मी जिवंत आहे अजून!”

“मग वर ये आणि तुझ्या हातानं उतरव!”

मेहुणा शिव्या देत चढला, स्वतःच्या हातानं क्रूस उतरवला (रीत म्हणजे रीत) आणि क्लोतारियोच्या हातात आपटला. तो क्रूस खांद्यावर टाकून, शिडी काखेत मारून क्लोतारियो गल्लीत आला, फिलोमेनाच्या भिंतीला शिडी लावली आणि वर चढला. डुकरापाशी पोहोचला. हातोडीनं खिळे उपटले. पत्रा बाजूला ठेवला आणि लोखंडी क्रूस ठोकायला लागला. ठोक ठोक ठोक. त्याला वाटलं असावं की हातोडी त्याच्या वतीनं बोलेल.

फिलोमेना अंगणात आली. कमरेला विळा. तिच्यामागे सगळी आळी, आणि गल्लीच्या टोकाला एदेल्मीरा, तिच्या शेजारी थापी घेऊन उभा असलेला गवंडी.

“कोण आहे वर?” इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा त्याला उद्देशून बोलली.

“मी आहे, कोमाद्रे.”

“काय करताय?”

“क्रूस बसवतोय.”

“का?”

ठोक. ठोक. ठोक.

“मला हातोडीची भाषा येत नाही, कोंपाद्रे. तोंडानं सांगा.”

तो काहीतरी पुटपुटला.

“काय? छपर उंच आहे हो, खाली ऐकू येत नाही!”

हे धादांत खोटं. मला बाकावर ऐकू आलं होतं, आणि माझा एक कान तेव्हाही कामातून गेलेला होता.

क्लोतारियोनं आढ्याला धरलं. खाली पाहिलं. साऱ्या गावच्या हॅटा त्याच्याकडे तोंड करून उभ्या, प्रत्येक हॅट त्यानंच इस्त्री केलेली. गल्लीच्या टोकाला गवंडी थापी झाडत होता. आणि मग तो ओरडला. एवढ्या मोठ्यानं की खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली.

“चुकलो! पत्रा चरबीच्या डब्याचा होता! रंगवाल्याचा दोष नव्हता! चुकलो!”

मग बेकरीवाली म्हणाली, “आणि शाळेतला फळा?”

“फळा तिरकाच होता!”

फिलोमेना मागं वळली. तिनं आपल्या जुन्या पांढऱ्या झाडाकडे पाहिलंही नाही. सरळ उकिरड्यावर गेली, विळ्यानं पिवळ्या गुआंतोची फांदी तोडली, दुबेळक्याच्या वरून, बोटाएवढी कळी असलेली. क्लोतारियोच्या फाटकाशी जाऊन त्या तीन ताठ काठ्या बाजूला केल्या आणि फांदी रोवली. मग मात्र आळीची झुंबड उडाली. जो तो धावत घरी गेला आणि फांदी घेऊन आला, जणू इतकी वर्षं ती दारामागे तयारच होती. फाटकाशी एवढ्या फांद्या झाल्या की आत जायला वाट राहिली नाही.

एदेल्मीरा आली. फांदीवरच्या कळीकडे वाकून बघितलं.

“कळी आहे,” ती म्हणाली.

“आहे,” क्लोतारियो शिडीवरून उतरत म्हणाला.

“मग माझी गादी कोण आणणार?”

गादी क्लोतारियोनं डोक्यावर आणली, हॅटवर हॅट घातल्यासारखी. कुयच्या टोपल्या मेहुण्यानं आणल्या. गवंड्याला थापी घेऊन परत जावं लागलं, पण आधी दोन पेले पिऊन गेला.

ती कळी आठवड्याभरात गळून पडली. रोवलेल्या फांदीची कळी गळतेच, हे आमच्या गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. एदेल्मीराला नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण तोवर कुय चुलीजवळ रुळले होते, आणि रुळलेले कुय दुसऱ्यांदा हलवले तर रोडावतात, असं तिचं म्हणणं.

आणखी एक बातमी. फिलोमेनाच्या त्या जुन्या पांढऱ्या झाडाला, ज्याला आमच्या पणज्यांच्या काळापासून कधी फळ धरलं नव्हतं, त्याला यंदा शेंगा लागल्या आहेत. पिवळ्याची संगत. फिलोमेना शेंगा मोजत नाही, नजर लागते म्हणून. क्लोतारियो मात्र रोज भिंतीवरून डोकावतो आणि म्हणतो, “कोमाद्रे, पिकल्या की मला द्या. पोटपट्टा धुऊन ठेवलाय.”

डुकराचा तो पत्राही वाया गेला नाही. क्लोतारियोनं त्याचं काय करावं? वाकवून, बुडाला भोकं पाडून त्याची कुंडी केली. आपल्या खिडकीत ठेवली आहे. डुक्कर आता रस्त्याकडे तोंड करून हसतं, आणि परगावच्या लोकांना आम्ही अजूनही तेच सांगतो, डुकराच्या घरापाशी वळा. फक्त आता ते घर क्लोतारियोचं.